भूकंपाचा पेपर

धाराशिव जिल्ह्याचा नकाशा काढून समोर ठेवा. (२०२३ पर्यंत या जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते, तेव्हा जुना नकाशा असला तरी चालेल.) पूर्वेच्या अंगाला लोहारा तालुका दिसेल. तेथून तेरणा नदी वाहते आणि तिच्यावर माकणी येथे निम्न तेरणा प्रकल्पाचे मातीचे धरण आहे. आता बोट जरा पूर्वेकडे सरकवा. दहा-बारा किलोमीटरवर, जिल्ह्याची हद्द ओलांडली की, लातूर जिल्ह्यातले किल्लारी येते. याच टापूत अलीकडच्या बाजूला सास्तूर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी या टापूत ६.२ क्षमतेचा भूकंप झाला. गणपती बोळवून लोक गाढ झोपले होते. मृतांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींत आठ हजारांपासून दहा हजारांच्या जवळपास जातो.

माकणीच्या धरणाविषयी तेव्हा पुष्कळ बोलले गेले. पाणी साठवल्यामुळेच जमीन हादरली का, हा प्रश्न गावकऱ्यांनी विचारला तसा शास्त्रज्ञांनीही विचारला. जलाशय नवा होता, आणि किल्लारी परिसरात १९९२ सालीच लहान लहान धक्क्यांची मालिका जाणवली होती, हे मुद्दे एका बाजूला. जलाशय उथळ आहे, हा मुद्दा दुसऱ्या बाजूला. तज्ज्ञांचे त्यावर एकमत झाले नाही. त्या वादात आम्ही येथे शिरणार नाही. आमचे लक्ष दुसऱ्याच एका गोष्टीकडे जाते. धरण त्या पहाटे फुटले नाही आणि भोवतालची गावे मात्र जमीनदोस्त झाली. धरण इंजिनिअरांनी आखले होते. घरे गवंड्यांनी आणि घरमालकांनी बांधली होती, तेथे इंजिनिअर कधी गेलाच नव्हता.

गेला असता तर काय झाले असते? आमचे उत्तर थोडे कडू आहे. १९९३ साली पदवी घेऊन बाहेर पडलेल्या स्थापत्य अभियंत्याला त्या घरांविषयी बहुधा फारसे काही सांगता आले नसते, कारण त्याला ते कोणी शिकवलेच नव्हते. देशातल्या बहुतेक विद्यापीठांत पदवीसाठी भूकंप अभियांत्रिकी हा सक्तीचा विषय नव्हता. तो का नव्हता आणि पुढे कसा आला, याचा इतिहास शिक्षकांनी जाणून घ्यावा असा आहे. पदवीला कोणते विषय सक्तीचे, ही यादी म्हणजे इंजिनिअरला काय माहीत असलेच पाहिजे याविषयीचे समाजाचे मतच असते. मात्र ते मत अभ्यास मंडळाच्या बैठकीत दहा-पंधरा माणसे ठरवतात आणि वर्तमानपत्रात त्याची बातमी येत नाही.

आपल्याकडे ही यादी सुरू झाली पुण्यात. १८५४ साली तेथे इंजिनिअरिंगचा वर्ग आणि यांत्रिक शाळा निघाली. हेतू साधा होता. सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालची माणसे हवी होती. १८६६ साली ही संस्था मुंबई विद्यापीठाशी जोडली गेली आणि तेथे एल.सी.ई. म्हणजे ‘लायसेन्शिएट ऑफ सिव्हिल इंजिनिअरिंग’ ही परीक्षा घेतली जाऊ लागली. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हीच परीक्षा १८८३ साली उत्तीर्ण झाले. पुढे एल.सी.ई. जाऊन बी.ई. आली. खात्याला रस्ते, पूल, कालवे हवे होते, म्हणून विषयही तेच आले. गावातले घर खात्याच्या कामात नव्हते, त्यामुळे ते पाठ्यक्रमातही नव्हते.

माकणीचा मुलगा मात्र त्या काळी पुण्याला गेला नसता. हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याला हैदराबादला, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात जावे लागले असते. तेथे इंजिनिअरिंग कॉलेज १९२९ साली निघाले. उस्मानियाचे माध्यम उर्दू होते. म्हणजे घरी मराठी बोलणाऱ्या मुलाने तुळईवरचा भार उर्दूतून शिकायचा! तेरणा ज्या मांजरा नदीला मिळते तिच्यावर खाली निजामसागर धरण याच सुमारास, १९२३ ते १९३१ या काळात उभे राहिले. मुख्य अभियंते होते नवाब अली नवाज जंग. संस्थानात मोठे अभियांत्रिकी काम होत होते, पण तेही पाण्याचे.

भूकंपाचे ज्ञान तेव्हा जगात नव्हते असे मात्र नाही. जपानमध्ये १८९१ च्या नोबी भूकंपानंतर पुढच्याच वर्षी सरकारी चौकशी समिती नेमली गेली आणि १९२३ साली टोकियो-योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर १९२४ मध्ये नियम झाला : इमारत तिच्या वजनाच्या एक दशांश इतके आडवे बल सोसेल अशीच आखायची. आपल्या उपखंडातले उदाहरण तर अधिक जवळचे आहे. १९३१ साली बलुचिस्तानात माच येथे भूकंप झाला. तेथल्या रेल्वेत एस. एल. कुमार नावाचे तरुण इंजिनिअर होते. त्यांनी क्वेट्टा येथे रेल्वेची निवासस्थाने जुन्या रुळांचा सांगाडा वापरून, भूकंपाचा हिशेब करून बांधली आणि त्यामागचे गणित १९३३ साली पंजाब इंजिनिअरिंग काँग्रेसपुढे मांडले. देशात कोठे धोका जास्त, कोठे कमी, असा नकाशाही दिला. ३१ मे १९३५ रोजी क्वेट्टा शहर कोसळले, हजारो माणसे गेली. कुमारांची घरे उभी राहिली. याहून चांगले प्रात्यक्षिक कोणत्या विषयाला मिळणार? तरीही हा विषय पदवीच्या वर्गात आला नाही.

पुढे रुडकी विद्यापीठात प्रा. जयकृष्ण यांच्या पुढाकाराने १९६० साली भूकंप अभियांत्रिकीचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. १९६२ साली भारतीय मानक १८९३ ही संहिता निघाली आणि देशाचे भूकंप-विभाग पाडले गेले. हे सर्व मोलाचे होते. पण लक्षात घ्या, रुडकीचे काम संशोधनाचे व पदव्युत्तर शिक्षणाचे होते. आपल्याकडे हा विषय शिखरावरून सुरू झाला. पायथ्याला, जेथे दरवर्षी हजारो स्थापत्य अभियंते तयार होतात, तेथे तो पोचायला आणखी चार दशके लागली.

उशिराचे एक कारण तो नकाशाच होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, तेव्हा १९६६ च्या नकाशात तो भाग कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. १९७० च्या नकाशात तो चौथ्या विभागात गेला. मराठवाडा पहिल्याच विभागात राहिला. १९९३ नंतर किल्लारीचीही तीच गत झाली : २००२ च्या संहितेत पहिला विभाग रद्द होऊन दुसऱ्यात मिसळला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्यात टाकला गेला. दोन्ही वेळा भूकंप आधी, नकाशा मागाहून. यात नकाशा काढणाऱ्यांची टिंगल करण्याचा हेतू नाही. मोठे भूकंप एखाद्या जागी हजारो वर्षांनी होत असतील तर शे-दीडशे वर्षांच्या नोंदींवरून काढलेला नकाशा चुकणारच. पण औरंगाबाद, नांदेड, लातूर, उस्मानाबाद येथे शिकवणाऱ्याने त्या नकाशाकडे पाहून ‘आपल्याकडे भूकंप नाही’ असे म्हटले, तर त्याला दोष कसा द्यावा?

आता त्या घरांकडे येऊ, कारण सगळा मुद्दा तेथेच आहे. मराठवाड्यातले जुने घर म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. लाकडी खांब, त्यांवर तुळया, वर फळ्या आणि त्यांवर मातीचा थर. थर कोठे ३० सेंटिमीटर, तर कोठे ८०. गळू नये म्हणून वर्षानुवर्षे त्यावर माती चढत जाते. हे घर अडाणीपणातून आलेले नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्या माळवदाखाली बसून पाहावे, म्हणजे ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे कळते. पत्र्याखाली बसणाऱ्यालाही कळते!

नववी-दहावीच्या मुलांना करता येईल असा एक हिशेब पाहू. खोली ३ मीटर × ४ मीटर, मातीचा थर ६० सेंटिमीटर. मातीचे घनफळ ७.२ घनमीटर. एका घनमीटरचे वस्तुमान १,६०० किलोग्रॅम धरले तर माती झाली सुमारे ११,५०० किलोग्रॅम. लाकडासकट १२ टन म्हणू. तीन मोठे हत्ती डोक्यावर घेऊन घरातली माणसे झोपतात. जोवर जमीन स्थिर आहे तोवर हा भार सरळ खाली जातो आणि भिंत व खांब तो मुकाट्याने पेलतात. जमीन आडवी हलली की न्यूटनचा नियम लागू होतो : बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. समजा, हादऱ्याचे आडवे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या एक पंचमांश आहे. (हा आकडा केवळ उदाहरणादाखल घेतला आहे.) तर छपरावर आडवे बल आले १२ टनांच्या एक पंचमांश, म्हणजे २.४ टन वजनाइतके. १९८४ च्या संहितेत पहिल्या विभागासाठी मूळ आडवा गुणांक होता ०.०१. म्हणजे वजनाचा शंभरावा भाग, आपल्या खोलीसाठी १२० किलोग्रॅम वजनाइतका. संहितेतला गुणांक आणि प्रत्यक्ष हादरा एकच नसतो. मजबूत, लवचीक बांधकाम बरेच जास्त सोसेल असे गृहीत धरूनच तो ठरवलेला असतो. पण दगड-मातीची भिंत लवचीक नसते.

ती भिंत आतून कशी असते? बाहेरून ती एकच दिसते, पण खरे तर त्या दोन भिंती असतात. एक आतल्या बाजूची, एक बाहेरच्या बाजूची, आणि मध्ये गोटे, कपच्या, माती. हादरे बसले की आतला भराव खाली दबतो, दोन्ही तोंडे एकमेकांपासून सुटतात, भिंतीला पोट सुटते आणि ती ढासळते. काही घरांत छपराचा भार लाकडी खांबांवर असे. पण त्या खांबांना तिरके आधार नसत, त्यामुळे सांगाडाही कलंडे. उपाय काय? भिंतीच्या पूर्ण जाडीतून आरपार जाणारे दगड. भारतीय मानक १३८२८ म्हणते, की असे दगड उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि लांबीत जास्तीत जास्त १.२ मीटर अंतरावर असावेत. ही संहिता कोणत्या वर्षीची? १९९३ चीच.

वर्गात हे दाखवायला काड्यापेट्या पुरेत. एका ताटात रिकाम्या काड्यापेट्यांचे दोन ढीग बोटभर अंतरावर रचा, मध्ये वाळू भरा, उघड्या कडांना पुठ्ठा लावा आणि ताट आडवे हलवा. मग तोच ढीग दर दोन थरांनंतर आइस्क्रीमच्या काड्या आरपार घालून रचा आणि पुन्हा हलवा. फरक मुलांनाच सांगू द्या.

गंमत अशी, की हा आरपार दगड इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला अगदीच अपरिचित नव्हता. ‘बिल्डिंग कन्स्ट्रक्शन’ या विषयात तो रँडम रबल भिंतीची आकृती काढत असे, शेजारी इंग्लिश बाँड आणि फ्लेमिश बाँड. आकृतीत ‘थ्रू स्टोन’ असे लिहून बाण दाखवला की त्याचे गुण मिळत. तो दगड नसेल तर काय होते हे मात्र कोणी विचारत नसे. विसाव्या शतकात काँक्रीट आणि पोलाद आले तसे गणिताचे सगळे तास त्यांच्याकडे गेले, ते योग्यही होते. आणि दगडी बांधकाम आकृत्यांच्या वहीत राहिले. ज्या घरांत आपल्या खेड्यांतले बहुसंख्य लोक राहत होते त्यांचे गणित पदवीच्या चार वर्षांत कोठेच नव्हते.

भूकंपानंतर ते गणित घाईघाईने शिकावे लागले. जागतिक बँकेच्या मदतीने महाराष्ट्र शासनाने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम १९९४ पासून राबवला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४५० किंवा ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. त्याहून कितीतरी मोठे काम होते नुकसान झालेल्या सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्तीचे व मजबुतीकरणाचे. त्यासाठी तरुण कनिष्ठ अभियंते गावोगाव गेले. उभ्या भिंतीतले काही दगड हलक्या हाताने काढायचे, आरपार भोक पाडायचे, त्यात वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचे, म्हणजे जुन्या भिंतीला नवा आरपार दगड मिळतो. दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींना बांधणारा पट्टा घालायचा. माळवदावरची जादा माती उतरवायची. हे सारे त्यांनी कामावर शिकले, आणि पुष्कळदा अशा लोकांसमोर शिकले, ज्यांचा दगडावरचा विश्वासच उडाला होता.

इतके होऊनही देशभर पदवीचा आराखडा बदलला नाही. तो हलला आणखी एका भूकंपाने. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये ७.७ क्षमतेचा भूकंप झाला. भूकंपकेंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या. त्यांतल्या अनेकांचा तळमजला मोटारी ठेवण्यासाठी नुसत्या खांबांवर मोकळा होता. या वेळी सबब नव्हती. या इमारती गवंड्यांच्या नव्हत्या. त्यांचे नकाशे होते, त्यांवर सह्या होत्या. आमच्या मते किल्लारी आणि भूज यांत हाच फरक आहे. किल्लारीत इंजिनिअर गैरहजर होता, भूजमध्ये तो हजर होता. मरणाऱ्यांची संख्या दोन्हीकडे मोठी होती, पण अभियांत्रिकी शिक्षणाला लाज वाटली ती दुसऱ्या वेळी.

एप्रिल २००३ मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने भूकंप अभियांत्रिकी शिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तेव्हाच्या सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था अशा आठ संस्था त्यात होत्या. या कार्यक्रमाचे आम्हाला सर्वांत आवडलेले अंग असे, की त्याने सुरुवात विद्यार्थ्यांपासून केली नाही, शिक्षकांपासून केली. अभियांत्रिकी महाविद्यालये, तंत्रनिकेतने आणि वास्तुकला महाविद्यालये यांतल्या अध्यापकांना आधी शिकवायचे. काहींना थोड्या दिवसांच्या वर्गात, काहींना पूर्ण सत्रभर. विद्यापीठाचा ठराव एका दुपारी होतो. तो विषय शिकवू शकणारा माणूस एका दुपारी तयार होत नाही. शाळेत नवे पाठ्यपुस्तक जूनमध्ये हाती पडल्यावर काय होते ते वाचकांना वेगळे सांगायला नको.

तरी खरी अडचण उरतेच. आयआयटींतला पाच वर्षांचा अभ्यासक्रम १९८०च्या दशकात चार वर्षांचा झाला. आठ सत्रे, प्रत्येकात पाच-सहा विषय. भूकंपाचा पेपर घालायचा तर काढायचा कोणता? सर्वेक्षण? जलव्यवस्थापन? प्रत्येक विषयामागे त्याचे शिक्षक, त्याची पुस्तके, त्याची प्रयोगशाळा उभी असते. शिवाय भूकंप समजायला आधी कंपनांचे शास्त्र लागते, त्याआधी विकलक समीकरणे लागतात. म्हणजे विषय चौथ्या वर्षाच्या अलीकडे येत नाही. तोवर निम्म्या मुलांचे लक्ष नोकरीच्या मुलाखतींकडे लागलेले असते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने जानेवारी २०१८ मध्ये नमुना अभ्यासक्रम जाहीर केला तेव्हा तर ओघ उलटा होता. पदवीचे एकूण श्रेयांक कमी करून १६० वर आणले गेले, विद्यार्थ्याला श्वास घ्यायला आणि स्वतःच्या आवडीचे निवडायला जागा मिळावी म्हणून. हेतू चांगला आहे. पण त्या आराखड्यात भूकंप अभियांत्रिकी स्थापत्यच्या ऐच्छिक विषयांच्या यादीत आहे. म्हणजे ते घ्यायचे की नाही हे एकवीस वर्षांच्या मुलाने ठरवायचे.

दुसरी वाट आहे, आणि आम्हाला ती अधिक पटते. वेगळा पेपर नको असेल तर आहेत त्या विषयांत भूकंप पेरावा. दुसऱ्या वर्षी भिंतीची आकृती काढताना आरपार दगडाचे कारण विचारावे. तिसऱ्या वर्षी काँक्रीटच्या खांबातली कडी जवळ-जवळ का हवी आणि तिचे टोक आत का वळवावे, हे खांब शिकतानाच सांगावे. त्याचे नियम देणारी १३९२० ही संहितासुद्धा १९९३ चीच आहे. यासाठी विकलक समीकरणे लागत नाहीत. वर केलेला माळवदाचा हिशेब दहावीच्या मुलाला येतो, तो इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात यायला कोणाची हरकत असावी? अभ्यास मंडळांना ही वाट फारशी आवडत नाही असा आमचा समज आहे, कारण अशा पेरलेल्या ज्ञानाला वेगळा पेपर नसतो, वेगळे गुण नसतात आणि ते शिकवले की नाही हे गुणपत्रिकेवर दिसत नाही.

पुढच्या सहलीला माकणीला गेलात तर धरण पाहून झाल्यावर परतीच्या वाटेवर कोठे जुनी दगडी भिंत दिसते का पाहा. अर्धी पडलेली असली तर उत्तमच, तिचा आडवा छेद आयता दिसतो. मुलांना पट्टी द्या आणि दोन्ही तोंडांना पोचणारे दगड मोजायला सांगा. ढासळू शकणाऱ्या भिंतीच्या अगदी जवळ मात्र कोणाला जाऊ देऊ नका; तीन-चार मीटरवरूनही ते नीट दिसतात.